‘मी तेथे होतो’ : गांधी हत्येच्या उशिरा आलेल्या साक्षी कशा पडताळायच्या?

आटपाडी (प्रतिनिधी) : ३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी दिल्लीच्या बिर्ला भवनात महात्मा गांधी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा आटपाडी मुंबई प्रांतात नव्हते. माणदेशातील हा दुष्काळी मुलूख औंध संस्थानचा एक तालुका होता. याच संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना लागू केली होती. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर हे खुले कारागृह त्याच काळातील, मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून उभे राहिलेले. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाची प्रेरणा म्हणून ते पुढे देशभर माहीत झाले. गांधीजींच्या हत्येनंतर पाच आठवड्यांनी, ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान विलीन झाले आणि आटपाडी सातारा जिल्ह्यात आली. त्यानंतर दक्षिण सातारा आणि १९६० पासून सांगली, असा तिचा जिल्हा बदलत गेला.

दिल्लीची बातमी या भागात पोहोचली तेव्हा लोकांचा पहिला प्रश्न ‘कोणी मारले?’ हाच होता. मारेकरी मुसलमान असल्याची अफवा दिल्लीत पसरू लागली होती. त्यामुळे मारेकरी हिंदू असल्याचे ऑल इंडिया रेडिओने आवर्जून जाहीर केले आणि संभाव्य रक्तपात टळला. पाठोपाठ मारेकऱ्याचे नाव, गाव आणि जात कळली. मग पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सभोवतालच्या संस्थानी मुलखात ब्राह्मणांची घरे पेटली. आटपाडी तालुक्यातील माडगूळचे सुपुत्र व्यंकटेश माडगूळकर यांनी ‘वावटळ’ या १९६४ च्या कादंबरीत त्याच दिवसांचे चित्र रेखाटले आहे.

घटनास्थळी उभ्या असलेल्या माणसाने उच्चारलेल्या एका शब्दाचे वजन किती असते, हे त्या आठवड्याने दाखवून दिले. म्हणूनच त्या संध्याकाळी नेमके काय घडले, हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकांपुरता उरत नाही. पुढील सात दशकांत ‘मी तेथे होतो’, ‘मी ऐकले’, ‘मला आधीच ठाऊक होते’ असे सांगणारे अनेक जण पुढे आले. त्यांतील काही प्रत्यक्ष हजर होते, काही नव्हते. जे हजर होते, त्यांच्याही सांगण्यात फरक पडतो. यातील कोणाचे काय ग्राह्य मानायचे, याच्या काही कसोट्या आहेत.

फिर्यादीतही नाव चुकले

सर्वांत आधीची साक्ष सर्वांत विश्वसनीय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गांधी हत्येबाबत अशी साक्ष म्हणजे तुघलक रोड पोलिस ठाण्यात त्याच संध्याकाळी उर्दूत नोंदवलेली फिर्याद. ती दिली नंदलाल मेहता यांनी. गांधीजी प्रार्थनेसाठी निघाले तेव्हा ते जवळच होते. गांधीजी आभा आणि मनू यांच्या खांद्यांवर हात ठेवून चालले होते. बाग ओलांडून, पायऱ्या चढून ते सहा-सात पावले गेले असतील तोच एक जण पुढे आला. त्याने दोन-तीन फुटांवरून तीन गोळ्या झाडल्या. त्या पोटात व छातीत लागल्या. ‘राम राम’ म्हणत गांधीजी कोसळले आणि मारेकऱ्याला हत्यारासह जागीच पकडण्यात आले, असा या फिर्यादीचा आशय आहे.

तपशिलांच्या दृष्टीने ही नोंद मोलाची आहे. मात्र, तिच्यात मारेकऱ्याचे नाव ‘नारायण विनायक गोडसे’ असे आहे. खरे नाव नथुराम विनायक गोडसे. हा तपशील मेहतांनी स्वतः पाहिलेला नव्हता. नाव नंतर कळले, असे त्यांनी फिर्यादीतच नमूद केले आहे.

पहिली कसोटी येथेच मिळते. साक्षीदार एक असला, तरी त्याच्या सांगण्यातील प्रत्येक वाक्याचा दर्जा सारखा नसतो. स्वतः पाहिलेले, स्वतः ऐकलेले आणि दुसऱ्याने सांगितलेले असे तीन भाग वेगळे काढावे लागतात. एका नावात चूक झाली म्हणून संपूर्ण फिर्याद खोटी ठरत नाही. त्याचप्रमाणे फिर्याद अस्सल आहे म्हणून तिच्यातील प्रत्येक अक्षर खरे ठरत नाही.

वेळेबाबतही असाच गोंधळ होतो. हत्येची वेळ सायंकाळी ५ वाजून १७ मिनिटे अशी सर्वत्र सांगितली जाते, तर फिर्यादीत ५ वाजून १० मिनिटांचा उल्लेख आहे. त्यात विसंगती शोधणारे एक गोष्ट नजरेआड करतात. फिर्यादीतील वेळ गांधीजी खोलीतून बाहेर पडले तेव्हाची आहे, आणि तीही अंदाजाने सांगितलेली. दोन साक्षी एकाच क्षणाविषयी बोलत आहेत काय, हे पाहिल्याशिवाय त्यांच्यात विरोध आहे असे म्हणता येत नाही.

तीन गोळ्या की चार?

उशिरा आलेल्या दाव्यांपैकी सर्वाधिक गाजला तो चौथ्या गोळीचा. मुंबईचे पंकज फडणीस यांनी या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. गांधीजींना चार गोळ्या लागल्या, त्यातील चौथी गोडसेच्या पिस्तुलातील नव्हती, म्हणजे दुसरा मारेकरी होता, अशी त्यांची मांडणी होती. न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र म्हणून नेमले. खटल्याची चार हजारांहून अधिक पानांची कागदपत्रे आणि कपूर आयोगाचा अहवाल पाहून त्यांनी फेरतपासाची गरज नसल्याचा निष्कर्ष जानेवारी २०१८ मध्ये दिला. त्यानंतर २८ मार्च २०१८ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली.

चार हा आकडा मात्र निव्वळ कल्पनेतून आलेला नव्हता. त्या काळच्या काही वृत्तांत चार गोळ्यांचा उल्लेख होता. शिवाय त्यामागे एका प्रत्यक्षदर्शीचे लेखनही आहे. अमेरिकी पत्रकार व्हिन्सेंट शीन त्या दिवशी बीबीसीचे प्रतिनिधी रॉबर्ट स्टिम्सन यांच्यासह प्रार्थनास्थळी होते. चार दबके आवाज कानावर पडल्याचे शीन यांनी पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात लिहिले. ते खोटे बोलत होते, असे मानण्याचे कारण नाही. परंतु त्यांनी गोळी झाडताना पाहिले नव्हते. आवाज ऐकून हे काय झाले, असे त्यांनी शेजारच्या स्टिम्सन यांना विचारले होते. म्हणजे शीन यांची साक्ष कानाची आहे, डोळ्यांची नाही. अनपेक्षित क्षणी, उघड्या जागेत, लागोपाठ झालेले आवाज मोजण्यात कानाची चूक होऊ शकते.

अशा वेळी माणसाच्या स्मृतीपेक्षा वस्तू अधिक बोलकी असते. जप्त केलेले ‘बेरेटा’ पिस्तूल सात गोळ्यांचे होते आणि त्यात चार जिवंत काडतुसे शिल्लक होती. सातातून चार वजा केले, की तीन उरतात. हा हिशेब याचिकाकर्त्यांनाही मान्य होता. किंबहुना त्याच्याच आधारे चौथी गोळी दुसऱ्या पिस्तुलातून आली असली पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. पण त्यासाठी आधी चौथी गोळी होती, हे सिद्ध व्हायला हवे.

येथे जखमांचा मुद्दा पुढे केला जातो. गांधीजींच्या देहाचे पूर्ण शवविच्छेदन झाले नाही. सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल बी. एल. तनेजा यांनी बाह्य तपासणी केली. गांधीजींना लागलेल्या गोळ्यांपैकी दोन शरीरातून आरपार गेल्या आणि एक आत राहिली. गोळी शिरते तेथे एक जखम होते आणि बाहेर पडते तेथे दुसरी. त्यामुळे जखमांची संख्या ही गोळ्यांची संख्या नव्हे. देहाजवळ असलेल्या एखाद्याने तीनपेक्षा अधिक जखमा पाहिल्याचे सांगितले, तरी त्यावरून अधिक गोळ्या सिद्ध होत नाहीत. साक्षीदाराने पाहिलेले खरे आणि त्यावरून इतरांनी काढलेले अनुमान चुकीचे, असे अनेक दाव्यांत घडते.

‘ऐकले नाही’ आणि ‘म्हटले नाही’

गांधीजींचे अखेरचे शब्द हा वाद याहून जुना आहे. राजघाटावरील समाधीवर ‘हे राम’ ही अक्षरे आहेत. फिर्यादीत ‘राम राम’ आहे. मनूबेन यांच्या लेखनात ‘हे राम’ आहे. जवळच असलेले गुरबचनसिंग यांनीही रामाचे नाव ऐकल्याचे सांगितले. दुसऱ्या बाजूला विष्णू करकरे यांचे म्हणणे आहे. हत्येच्या वेळी करकरे आणि नारायण आपटे गर्दीत होते व तेथून निसटले. दोघांना १४ फेब्रुवारीला मुंबईत अटक झाली. जन्मठेप भोगून सुटल्यावर करकरे यांनी मनोहर माळगावकर यांना सांगितले, की आपल्या कानी पडला तो केवळ वेदनेचा घोगरा उद्गार. माळगावकर यांचे हत्येच्या कटावरील पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले.

गोपाळ गोडसे यांनी २००० मध्ये एका अमेरिकी साप्ताहिकाच्या मुलाखतीत याच्याही पुढची पायरी गाठली. ‘हे राम’ हे शब्द चित्रपटात गांधीजींची भूमिका करणारे बेन किंग्जले यांनी म्हटले, गांधीजींनी नव्हे, अशा आशयाचे ते बोलले. १९८२ च्या चित्रपटाचा हा दाखला ऐकायला चटकदार असला, तरी दोन गोष्टी विसरता येत नाहीत. गोपाळ गोडसे ३० जानेवारीला बिर्ला भवनात नव्हते, त्यामुळे या मुद्द्यावर ते प्रत्यक्षदर्शी ठरत नाहीत. आणि फिर्यादीतील ‘राम राम’ ही नोंद चित्रपटाच्या ३४ वर्षे आधीची आहे.

यातील सर्वांत उद्बोधक उदाहरण गांधीजींचे स्वीय सचिव व्ही. कल्याणम यांचे आहे. ते त्या वेळी गांधीजींच्या मागे काही अंतरावर होते. गांधीजी ‘हे राम’ म्हणाले नाहीत, असे त्यांनी सांगितल्याचे वृत्त २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तो अनेकांच्या दृष्टीने निर्णायक पुरावा ठरला. जानेवारी २०१८ मध्ये मात्र कल्याणम यांनीच खुलासा केला. गांधीजी तसे म्हणालेच नाहीत, असे आपण कधी म्हटले नव्हते. आपल्याला ते ऐकू आले नाही, एवढेच आपले म्हणणे होते. त्या वेळी मोठा गोंधळ उडाला होता, असे त्यांनी स्पष्ट केले. २०२१ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हा खुलासा त्यांच्या हयातीत झाला नसता, तर एक चुकीची ‘साक्ष’ कायमची राहून गेली असती.

‘ऐकले नाही’ आणि ‘म्हटले नाही’ यांत मोठे अंतर आहे. पहिले विधान साक्षीदाराच्या कानाविषयी आहे, दुसरे गांधीजींविषयी. गलक्यात, मागे उभ्या असलेल्या एकाला न ऐकू आलेला शब्द खांद्याला खांदा लावून चाललेल्या दुसरीला ऐकू येऊ शकतो. सर्व साक्षी समोर ठेवल्यास एवढे म्हणता येते, की सर्वांत जवळच्या आणि सर्वांत आधीच्या साक्षीदारांनी रामाचे नाव ऐकल्याचे सांगितले आहे. ते ‘हे राम’ होते, ‘हाय राम’ होते की ‘राम राम’, हा अक्षरांचा वाद त्या साक्षींवरून मिटवता येत नाही. त्याहून अधिक ठामपणे बोलणारा, मग तो कोणत्याही बाजूचा असो, पुराव्याच्या पुढे जातो.

मारेकऱ्याला कोणी धरले?

श्रेयाच्या प्रश्नावर साक्षी हमखास फुटतात. गोडसेला प्रथम कोणी पकडले, याची किमान दोन उत्तरे प्रचलित आहेत. अमेरिकी वृत्तपत्रांनी दुसऱ्याच दिवशी हे श्रेय हर्बर्ट रायनर या तरुण अमेरिकी अधिकाऱ्याला दिले. ते दिल्लीतील अमेरिकी दूतावासात नुकतेच रुजू झाले होते आणि प्रार्थनेला आले होते. भारतात मात्र बिर्ला भवनातील माळी रघू नायक यांचे नाव पुढे आले. मूळचे ओडिशातील असलेल्या नायक यांना पुढे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याकडून बक्षीस मिळाले. हवाई दलातील एका सार्जंटचेही नाव काही वृत्तांतांत आढळते.

यातील एकच खरे आणि बाकीचे खोटे, असे मानण्याची गरज नाही. हल्लेखोरावर चारही बाजूंनी माणसे झडप घालतात, तेव्हा एक खांदा धरतो, दुसरा मनगट, तिसरा पिस्तूल हिसकावतो. आणि ‘मी पकडले’ असे म्हणण्यात तिघेही प्रामाणिक असू शकतात. अमेरिकी बातमीदाराने अमेरिकी माणसाशी बोलून बातमी दिली, भारतीय बातमीदारांनी भारतीयांशी बोलून. साक्ष कोणी नोंदवली, कोणत्या भाषेत आणि कोणत्या वाचकासाठी, हेही पाहावे लागते.

न काढलेले छायाचित्र

अलीकडे साक्षीदारांची जागा छायाचित्रांनी घेतली आहे. पिस्तूल रोखलेला गोडसे आणि समोर गांधीजी, असे एक कृष्णधवल चित्र दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस मोबाईलवर फिरते. ‘हत्येच्या क्षणाचे दुर्मीळ छायाचित्र’ असे त्याखाली लिहिलेले असते. प्रत्यक्षात ते ‘नाईन अवर्स टू रामा’ या १९६३ च्या इंग्रजी चित्रपटातील दृश्य आहे आणि त्यातील गोडसे म्हणजे जर्मन अभिनेते होर्स्ट बुखोल्त्स. त्या दिवशी हत्येपूर्वी काही वेळ हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हे ख्यातनाम छायाचित्रकार गांधीजींना भेटून गेले होते. हत्येनंतर परतून त्यांनी टिपलेली शोकाकुल दिल्लीची छायाचित्रे जगभर गाजली. पण गोळ्या झाडल्या जात असताना ते तेथे नव्हते.

असे चित्र वर्षानुवर्षे पाहिले, की त्याचा परिणाम खऱ्या साक्षीदारांच्या स्मृतीवरही होतो. जे डोळ्यांनी पाहिले आणि जे नंतर पडद्यावर पाहिले, त्यांची सरमिसळ होते. म्हणून दोन-चार दशकांनी सांगितलेल्या आठवणीत एखादा तपशील हुबेहूब चित्रपटासारखा आला, तर तो पुरावा म्हणून धरण्याऐवजी सावध होणे योग्य.

‘मला आधीच ठाऊक होते’

प्रत्यक्षदर्शींच्या दाव्यांइतकेच गंभीर दावे असतात ते आधीच्या माहितीचे. महाराष्ट्राने असा एक दावा जवळून पाहिला. गोपाळ गोडसे आणि करकरे यांच्या सुटकेनिमित्त १२ नोव्हेंबर १९६४ रोजी पुण्यात सत्यविनायकाच्या पूजेचा कार्यक्रम झाला. लोकमान्य टिळकांचे नातू आणि ‘केसरी’चे माजी संपादक ग. वि. केतकर तेथे बोलले. नथुरामने आपला इरादा काही आठवडे आधी आपल्याजवळ बोलून दाखवला होता, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. बाळूकाका कानिटकर यांच्यामार्फत ही माहिती मुंबईचे तत्कालीन पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना कळवली होती, असाही दावा पुढे आला. संसदेत गदारोळ झाला. प्रथम गोपाळ स्वरूप पाठक आणि नंतर न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्याकडे चौकशी सोपवण्यात आली. केतकरांचा हा दावा तपासणे हा आयोगाच्या कार्यकक्षेचाच एक भाग होता. कपूर आयोगाने १०१ साक्षीदार तपासले आणि १९६९ मध्ये अहवाल दिला.

केतकर बोलले ते हत्येनंतर जवळपास १७ वर्षांनी. ज्यांच्यापर्यंत माहिती पोहोचवल्याचे सांगितले गेले, ते खेर १९५७ मध्येच निवर्तले होते. दुजोरा देऊ किंवा नाकारू शकणारी व्यक्ती हयात नसताना केलेला दावा तपासणे किती कठीण असते, हे या चौकशीत दिसून आले.

याच्या उलट उदाहरण मुंबईच्या रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांचे. मदनलाल पाहवाने आपल्या तोंडूनच कटाची माहिती जैन यांना दिली होती. २० जानेवारीला बिर्ला भवनात मदनलालने स्फोट घडवल्याचे कळताच जैन दुसऱ्याच दिवशी खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले. खटल्यात जैन यांची साक्ष झाली आणि मोरारजींचीही. म्हणजे माहिती कधी मिळाली, कोणाला दिली, हे हत्येच्या आधीच्या तारखांनिशी आणि दुसऱ्या व्यक्तीच्या जबानीनिशी पडताळता आले. ही साक्ष वेळेवर मिळूनही नऊ दिवसांत गांधीजींना वाचवता आले नाही, हे शल्य वेगळे. साक्ष ऐकून घेणाऱ्यांचीही परीक्षा असते, ती अशी.

माणदेशातील आठवणींचे काय?

लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयात १४९ साक्षीदार तपासले गेले. उलटतपासणी झाली, अपील झाले, पुढे आयोगही बसला. त्यामुळे बिर्ला भवनातील काही मिनिटांविषयीचा नवा दावा ताडून पाहायला आज हाताशी साधने आहेत. सातारा-सांगली भागात त्यानंतरच्या आठवड्यात जे घडले, त्याच्या आठवणी मात्र बहुतांशी घराघरांतच राहिल्या. कोणी पेटवले, कोणी वाचवले, कोणाला कोणी धान्याच्या कणगीआड लपवले, हे दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या तोंडून ऐकायला मिळते. ज्यांनी स्वतः पाहिले, ते आता नव्वदीच्या आसपास आहेत.

या आठवणींनाही त्याच कसोट्या लावता येतात. सांगणारा तेव्हा किती वर्षांचा होता आणि कोठे उभा होता? त्याने ज्वाळा पाहिल्या, की आजोबांकडून ऐकल्या? वाचवणाऱ्याचे नाव सांगणारा त्याच्याच घरातला आहे काय, आणि पेटवणाऱ्याचे नाव सांगणाऱ्याचा त्याच्याशी बांधाचा वाद आहे काय? घरे पुन्हा बांधण्यासाठी सरकारने कर्जे दिली होती. त्यांच्या नोंदी किंवा गावच्या जुन्या दप्तरातील उतारा त्या घराशी जुळतो काय? ‘वावटळ’सारखी कादंबरी त्या काळाचे वातावरण समजून घ्यायला उपयोगी पडते, एखाद्या घराविषयीचा पुरावा म्हणून तिच्याकडे पाहता येत नाही, आणि माडगूळकरांनी तसे म्हणून ती लिहिलीही नाही.

अशी तपासणी म्हणजे सांगणाऱ्यावरील अविश्वास, असा समज असतो. वस्तुतः कल्याणम यांचे उदाहरण याच्या उलट सांगते. त्यांना पुन्हा विचारले गेले, म्हणूनच त्यांचे खरे म्हणणे जगासमोर आले. माणदेशातील वृद्धांनाही कोणी वही घेऊन पुन्हा विचारले, तारीख-वार लावून लिहून घेतले आणि ‘ऐकले’ व ‘पाहिले’ हे वेगळे नोंदवले, तर १९४८ च्या त्या आठवड्याविषयी अफवेपेक्षा भरवशाचे काही हाती लागेल. त्यासाठी उरलेला वेळ मात्र थोडा आहे.